अठरा मिनिटं

बाटलीवर लिहिलंय: पपईचा चीक, शुद्ध, कोरडा.
पपई मी पाहिलेली नाही.
तुर्कूच्या बाजारात फेब्रुवारीत मिळतात
सलगम, खारवलेले मासे आणि अंधार.
प्रोफेसर एकदा म्हणाले होते, जिथे ती पिकते तिथल्या बायका
निबर मांसात कच्च्या फळाची फोड टाकतात,
मग ते लवकर शिजतं.
मला तेवढं पुरलं.

सोमवारी उर्पो सारिक्कोची गाठ आली.
गोदीतला वेल्डर, नमुना क्रमांक एकोणीस.
कातरली, कुटली, गाळली, धुतली.
नळीच्या तळाशी उरली ती नुसती पेशींची आवरणं,
दुधावरची साय जमावी तशी.
त्या सायीत कुठेतरी खूण रुतलेली असते,
पेशी बिघडली याची खूण,
आणि ती सोडवायची तर हा चीकच.

टाकला. सदतीस अंश. घड्याळ लावलं.

दहा मिनिटांत काही सुटत नाही.
अर्ध्या तासात सगळंच सुटतं,
खूणसुद्धा, चिंध्या होऊन.
चिकाला काय कळतंय,
तो आधी दोर कापतो, मग दोराला बांधलेलं खातो.
तीन नमुने मी असे घालवले.
एकदा तर आईचा फोन होता, सरपण संपल्याचा.

अठराव्या मिनिटाला थांबवणारा थेंब,
आणि नळी बर्फात.
मग यंत्र गरगरत राहतं,
जड ते खाली बसतं,
वर राहतं ते नितळ,
हातात धरलं तर वाटावं, आपण पाणीच जपतोय.

मार्चमध्ये ते त्याच्या हाताला टोचलं, कोपराखाली.
"हे माझंच ना?"
हो, म्हटलं.
"मग मला कसं ओळखू येईना इतके दिवस?"
डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी त्याने बाही वर केली.
लाल, कडक, नाण्याएवढी चकती.
शेजारी मिठाचं पाणी टोचलेली जागा कोरी.
मी पट्टी लावली, वहीत लिहिलं: अकरा मिलिमीटर.
बाकी काही लिहायला रकाना नव्हता.

तो त्या चकतीवरून अंगठा फिरवत होता,
भाजल्याचे जुने डाग असलेला अंगठा.
"उशीर केलास रे," तो हाताला म्हणाला,
रागाने नाही,
पाळी बदलायला आलेल्या जोडीदाराला म्हणतात तसं,
आणि बाहीचं बटण लावायला लागला,
चुकीच्या काजात.