उलटा हात

कॉर्क शहरात, सायकलच्या दुकानावरची खोली.
खाली ग्रीसचा वास, वर आमचा.
मंगळवारी गॉबनेट यायची बालीवुर्नीच्या बसने,
ओला कोट रेडिएटरवर टाकायची
आणि म्हणायची, "आज पुन्हा घोडी."

घोडी म्हणजे ते गाणं:
बायकोला न विचारता बाजारात विकली घोडी,
आणि बाई एकोणीस कडवी
नवऱ्याशी अवाक्षर बोलत नाही, घोडीशीच बोलते.
ना ठेका, ना मात्रा.
गॉबनेट एका शब्दावर थांबली की थांबलीच,
दारात उभं राहून निरोप लांबवणाऱ्या पाहुण्यासारखी;
मग तीन शब्द एका श्वासात, उतारावरून.

एक दोन तीन चार, हे माझं पोटापाण्याचं.
लग्नाच्या हॉलांत, जहाजांवर मी हेच विकलं.
इथे चार ठेवायला जागाच सापडेना.
वोइचेख रात्री पावाच्या कारखान्यात असायचा,
पिठाच्या बोटांनी बास वाजवायचा.
म्हणाला, "ही गात नाही, ही वाट बघते.
वाट बघण्याखाली सूर कुठला धरू?"
धरला एक, जरा आंबट, तिथला नसलेला.
गॉबनेट हसली,
"हां, हाच. नवरा असाच होता."

नोव्हेंबरात कार्यक्रम. चाळीस खुर्च्या.
तिच्या गावचे आले, एक अख्खी रांग, कोट न काढता.
त्यांतला टायग, क्रीमरीत जन्मभर दुधाचे कॅन मोजलेला,
माझ्या झांजांकडे असं बघत होता,
जणू मी चर्चमध्ये छत्री उघडली आहे.

पहिली दोन कडवी मी वाजवलंच नाही. भीतीने.
लोकांना वाटलं, संयम.
तिसऱ्यात चार मोजले.
गाणं लंगडलं.
तिचे डोळे मिटलेलेच होते,
पण मान भिंतीकडे वळली,
आणि मला कळलं, ही आता आमच्यात नाही,
गावी परत गेली, शेवटची बस चुकलेली असताना.

तेव्हा टायग उठला. वाटलं, निघाला.
केबली ओलांडत तिच्यापाशी आला,
तिचा उजवा हात हातात घेतला
आणि फिरवायला लागला, हळू,
लोणी काढायच्या पिंपाचा दांडा फिरवावा तसा.

जुन्या गाण्यात असं करतात, हे नंतर समजलं.
ऐकणाऱ्याने गाणाऱ्याचा हात धरायचा,
म्हणजे सगळा भार एकटीवर पडत नाही.
त्या क्षणी मला एवढंच दिसलं:
दोन हात, एक गोल.
शब्द लांबला की गोल मोठा,
धावला की लहान, पण तुटत नव्हता.
आणि माझ्या गुडघ्यांमध्ये स्नेअर, तोही गोल,
आणि ब्रश, ज्यांना मारणं कधी जमलंच नाही.
मोजणं सोडलं.
टायगच्या मनगटाकडे बघत ढवळत राहिलो.
वोइचेख मागून आला, जड बुटांनी, जपून.

अकराव्या कडव्यात तिने घोडीचं नाव घेतलं
आणि ते नाव वाकवलं, आणखी वाकवलं,
त्या निळ्या सुरापर्यंत,
जिथे बालीवुर्नीतून कुणी गेलं नव्हतं.
टायगचा हात थबकला.
आता सोडतो, मी म्हटलं.
त्याने तिच्याकडे बघितलं,
चार पायांवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या शिंगराकडे बघावं तसं,
आणि उलट्या बाजूने फिरवायला लागला.

नंतर जिन्यात विचारलं, आवडलं का?
टोपी चाचपत म्हणाला,
"विकण्याचं कडवंच गाळलं पोरीने.
घोडी अजून घरी आहे म्हणजे."

वोइचेख पाळीसाठी पळाला.
मी ड्रम उतरवत होतो, तीन फेऱ्या.
प्रत्येक फेरीला दिसला टायग, खाली, बंद दुकानाच्या दारात,
उलट्या टांगलेल्या सायकलचं चाक
एका बोटाने फिरवत,
ऐकत.