समडोळी-१

रात्री साडेअकरा, कुपवाड एमआयडीसी.
शेजारच्या फाउंड्रीची पाळी सुटली
आणि माझी स्क्रिप्ट म्हणाली, शून्य.
शून्य म्हणजे सगळं ठीक.
शून्य म्हणजे, बाई, आता घरी जा.

पण कार्ड घालून बघावं
तर दूध मोजायच्या त्या यंत्राला
स्वतःचं नावच ठाऊक नाही.
अमीन शिकलगार तिसऱ्यांदा केबल काढतो, लावतो.
केबलचा दोष नाही हे त्यालाही कळतंय.

मी एकेका ओळीला बोलतं केलं:
जे करशील ते आधी सांग.
ओळी पळाल्या, सांगत गेल्या,
सगळ्या खरंच बोलत होत्या.
मग नाव गेलं कुठं?

चहाला उठलेला अमीन
माझ्या खांद्यावरून वाचून हसला,
"मॅडम, तुमचाच पीसी समडोळीला गेलाय की!"

पत्त्याच्या आधी एक शब्द हवा होता,
'त्या घरात', जे अजून बांधून व्हायचंय.
तो मी भरलाच नव्हता.
वर सगळे अधिकार देऊन ठेवलेले, तोही आळस माझाच.
स्क्रिप्ट बिचारी मुळापासून निघाली
आणि जे मूळ पायाखाली आलं
त्यावरच लिहून मोकळी झाली.

दीड वाजता दुसरं.
चावी घडवायचं काम मी यंत्रावरच ढकललेलं:
पहिल्यांदा जागं झालास की कर.
ते जागं झालं, भिंतीला हात लावून परत आलं.
भिंत नुसती वाचायची. गावात वीज कधीही जाते,
म्हणून मीच केलेली तशी.
हरिपूरला मामा पेवं भरायचे.
हळद आत, तोंड लिंपलं, वर माती.
मग कुणी म्हणालं, एक पोतं राहिलं ओ,
तर ते पोतं राहिलंच.

बाजूला बोटभर कप्पा ठेवला, लिहिता येणारा.
चावी तिथं.

माझ्या पीसीचं नाव अजून तेच आहे.
बदलू का, अमीन दोनदा विचारून गेला.

समडोळीत, खऱ्या, पहाटे पाचला
सुशीला मगदूमनी किटली ठेवली.
यंत्रानं आपलं नाव छापलं, तारीख, लिटर, फॅट.
नाव त्यांनी वाचलंच नाही.
पावती दिव्याकडं धरून म्हणाल्या,
"कमी दाखवतंय हे."