पदकतक्ता

वाढोण्याच्या ग्रामपंचायतीचा फळा.
वर घरपट्टीची थकबाकी, खाली हरवलेल्या गोऱ्ह्याची खबर,
मधली हातभर जागा नारनवरे गुरुजींनी
ओल्या फडक्यानं पुसली आणि खडू माझ्या हाती दिला.
साल ब्याऐंशी. दिल्लीत एशियाड.
मी सातवीत, अक्षर बरं.

तीन खणं पाडली : सुवर्ण, रौप्य, कांस्य.
डोमाजी कोतवाल म्हणाले, कांस्य म्हंजे कासं ना बाप्पा?
तळपायाले वाटीनं घासतात थे?
त्याच्यासाठी इतक्या दूर धावतात लोक?

रेडिओ सांगायचा, पण गुरुजींना छापलेलं लागे.
नागपूरचा पेपर आर्वीमार्गे, दिवस कलता कलता,
एसटीच्या टपावरून फाट्यावर पडायचा.
तीन किलोमीटर.
आणायला जायची पंचफुला, माझी बहीण,
कमरेची कापसाची ओटी सोडून,
बोंडांनी ओरखडलेली बोटं तशीच ठेवून,
आणि मी खडू धरून वाट बघायचो
जसं काही धावणं माझंच होतं.

घोडेस्वारीत सोनं आलं तेव्हा
पारावर वाद झाला :
मंग आपला शंकरपट कोणाच्या बापाचा हाय?
पोळ्याले सजवलेली जोडी दिल्लीले न्यायची होती!
गोल्फ कोणालाच कळला नाही.
गुरुजी म्हणाले, विटीदांडूचाच प्रकार,
फक्त विटी शोधायला नोकर असतो.

घरी आईचा दुसरा तक्ता,
चुलीमागच्या भिंतीवर, कोळशाचा.
एक रेघ म्हणजे एक दिवस, शेजारी वेचलेले किलो,
किलोला चार आणे.
आईला आकडे येत नव्हते. पंचफुला काढून द्यायची,
चौथीत शाळा सोडली तेव्हाचेच आकडे,
गोल, सावध, थोडे थरथरते.

मग हॉकीची फायनल.
बब्बूमियाँनी रेडिओ पंचायतीच्या खिडकीत ठेवला,
जिनिंगमधले हमाल अंगावर रुई घेऊनच आले.
पहिला गोल आपला.
मी घाईघाईत ठळक एक काढला,
टाळ्या वाजल्या, कोणीतरी सुपारी वाटली.
त्यानंतर मी पाकिस्तानच्या बाजूला
लिहीत पुसत, लिहीत पुसत गेलो.
चारनंतर हमाल उठले.
सहाला डोमाजींनी विचारलं, बॅटरी काढू काय याची?
सात मी काढला नाही. गुरुजींनी काढला,
इतका मोठा, की घरपट्टीच्या ओळीत घुसला.

पंचफुलाला हे सगळं दुसऱ्या दिवशी फाट्यावर कळलं.
आल्यावर तिनं पेपर दिला नाही लगेच.
पोरीयचं कोठी लिवलं तू?
कोणत्या पोरीयचं?
तिनं आतलं पान उघडलं, बोट ठेवलं,
एकेक अक्षर जोडत वाचलं :
म-हि-ला हॉ-की, सु-व-र्ण.
अर्धी वाट वाचतच आली होती म्हणे,
म्हणून उशीर.

फळ्यावर जागा नव्हती.
सोन्याच्या खणातला आकडा मी एकानं वाढवला,
पण तिला ते पुरेना.
शेवटी गोऱ्ह्याच्या खबरीशेजारी
बारीक अक्षरात लिहिलं.
ती वाचून गेली. काही म्हणाली नाही.
रात्री ते पान दिसलं
तिच्या उद्याच्या भाकरीवर गुंडाळलेलं,
छापील बाजू बाहेर.

एशियाड संपलं. तेरा, एकोणीस, पंचवीस.
एकूण सत्तावन्न, नंबर पाचवा.
गुरुजींनी खाली दुहेरी रेघ मारली,
खडूचा उरलेला तुकडा परत मागितला.
आईच्या भिंतीवर दुहेरी रेघ नव्हती.
उलंगवाडीला अजून दोन महिने होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
पंचफुला पुन्हा फाट्याकडे गेली.
एसटी आली, दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक कोंबडी.
पेपरचे पैसे आता कोणी देणार नव्हतं.
ती पळतच परत आली, हात मोकळे.
आई म्हणाली, कायले गेली व?
पंचफुलानं ओटी झटकली, कोळसा घेतला,
आजचे किलो लिहिले.
दम लागला नव्हता तिला.