गळतीची तक्रार

बावीस वर्षं मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला होतो.
हातात पाना, कमरेला व्हॉल्वची चावी,
खिशात सायकलच्या ट्यूबची पट्टी.
कुठं पाईप घामेजलेला दिसला
की गुडघे टेकून पट्टी आवळायची.
गावातले म्हणायचे,
हा गोमाजी थेंबाचा वैरी हाये बापा.

म्हणून बचत गटाच्या बागेसाठी
गुंफाबाईनं मला बोलावलं तेव्हा वाटलं,
नळ बसवायचा असेल.
अंगणवाडीच्या मागं सहा गुंठे,
सत्तावीस बायकांचे सत्तावीस वाफे.
आणि पाणी?
हापशीच्या ओट्यावरून वाहून जातं, तेवढं.
गुंड विसळल्याचं, पाय धुतल्याचं,
शाळेतल्या पोरांनी अर्धं पिऊन अर्धं सांडलेलं.
खड्ड्यात साचवून मोजलं,
दिवसाला अठरा गुंड.
सत्तावीसला अठरा.
चौथी नापास माणसालाही हा भागाकार टोचतो.

पहिला महिना भांडणात गेला.
वच्छलाच्या सांभाराला दोनदा पाणी,
देवकाबाईची भेदरं माना टाकून.
सकाळी ओतलेलं दुपारपर्यंत पापड,
वाफा तडकलेला, त्यात मुंग्यांची वाट.
आम्ही झाडाला नाही,
उन्हाला पाणी पाजत होतो.

मग गुंफाबाई मला घेऊन उकंडा कुंभाराकडं गेली.
"झिरपणारी मडकी पाहिजेत. चोपन्न."
तो हसला. घरामागं नेऊन दाखवलं.
रेती जास्त, आच कमी,
टाकून दिलेल्या मडक्यांचा ढीग, गवतात.
"बाप म्हणे, अशी गिऱ्हाइकाला दाखवू नको,
इज्जत जाते."
तो स्वतः जगावा म्हणून
जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवलेला माणूस.
एकेक मडकं उचलून, वाजवून, आमच्या हातात दिलं.
पैसे विचारले तर म्हणाला,
दोडके लागले की पाहू.

गळ्यापर्यंत पुरली.
तोंडावर फुटक्या कवेलूचं झाकण,
भोवती सोयाबीनचं कुटार, चार बोटं जाड.
रोज नऊ वाफे, वाफ्याला दोन गुंड,
तिसऱ्या दिवशी पुन्हा पाळी.
वहीत लिहायचं काम माझ्याकडं.

त्या पहिल्या रात्री मला झोप नाही.
टॉर्च घेऊन गेलो, हातानं माती उकरली,
मडक्याच्या पोटाला बोट लावलं.
ओलं.
हात आपोआप खिशात गेला,
ट्यूबच्या पट्टीकडं.
कोणी पाहिलं तर नाही ना,
म्हणून माती परत लोटली.

नवतपा लागला.
बाराच्या उन्हात कोहळ्याची पानं
ओल्या फडक्यासारखी लोंबली.
देवकाबाई म्हणाली, गेलं.
सांजेला ती पानं उभी होती,
कोणी काही न करता.

एक मडकं फुटलं, गाईचा पाय पडला.
उपसून काढलं तर
बाहेरून मुळांची जाळी, पांढरी, घट्ट.
लहान पोर दोन्ही हातांनी तांब्या धरून पितं ना,
तसं वांग्यानं धरलं होतं.
गुंफाबाई एवढ्या बोलकी बाई,
ती काहीच बोलली नाही.
खापऱ्या तिनं पदरात घेतल्या.

सगळं गोडच झालं असं नाही.
आमच्या हापशीचं पाणी जड,
चहाच्या गंजाला पांढरी खपली धरतं.
सहा-सात मडक्यांची अंगं क्षारानं बुजली.
दोघीजणींनी मधेच बाग सोडली,
त्यांच्या वाफ्यावर अजून वाद आहे.

पण परवा पायटेच नर्मदा दारात,
कमरेवर हात ठेवून.
"गोमाजीभाऊ, माह्यं मडकं
चार दिवसांपासून भरलेलंच हाये.
तुमचं लक्ष कुठं असते?"

मी वही काढली. लिहिलं:
वाफा अकरा. गळती बंद. तक्रार.
नारळाची शेंडी घेतली, जुना ब्रश घेतला,
गुडघे टेकले,
आणि बुजलेलं मडकं घासत बसलो,
ते पुन्हा गळेपर्यंत.