सदतीस, अडतीस

नळी काचेची हवी. कोरी.
साबणाने धुतलेली चालत नाही,
प्लॅस्टिकची तर नाहीच.
दोन मिली रक्त घ्यायचं, उभी ठेवायची,
वीस मिनिटं हात लावायचा नाही.
मग एकदाच कलती करायची.
गोठलं असेल तर सगळं जागच्या जागी.
ओघळलं, तर फुरसं.

रत्नागिरीत आमच्या वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ
चार मिनिटं पुढे आहे,
म्हणून मी मनगटावरचंच बघते.

द्वारका गोताड. वय बावन्न.
कातळावर काजूबी वेचताना
जांभ्याच्या चिऱ्याखालून, उजव्या हाताची करंगळी.
"आदी आवाज आला वो, करवत चालल्यागत.
मना वाटला, सुकल्याला पान."
हिरड्यांतलं रक्त ती पदराने टिपत होती
आणि मी वाचत होते संमतीपत्राचं दुसरं पान:
'आपणास दोनपैकी एका गटात यादृच्छिक पद्धतीने…'
"याद? कुनाची?"

हा शब्द समितीने मंजूर केलेला,
मला बदलायची परवानगी नाही.
पण विषाला थांबायची सवय नाही,
म्हणून म्हटलं, मावशी, कौल लावतात ना,
गुरव देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवतो,
उजवी पडते नाहीतर डावी.
तसंच. उजवी पडली तर औषधाच्या दहा बाटल्या,
डावी पडली तर सहा,
कमी पडल्या तर आणखी देणारच.
"आनि हितं गुरव कोन?"
संगणक.
"डाक्टरांना ठाव हाय, कंची पडली?"
नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही.
थोडा वेळ गप्प राहिली.
"म्हंजे समदीच देवळाभायर उभी,"
म्हणाली, आणि डावा अंगठा पुढे केला.

अडतीस त्याच रात्री आला.
मुजम्मिल होडेकर, एकोणीस, आंब्याच्या बागेत राखणीला.
सही त्याने स्वतः केली, मोठी, लफ्फेदार,
पहिल्या पगाराच्या पावतीवर करतात तशी.
त्याची नळी मी पाच वेळा कलती केली,
दर सहा तासांनी.
पाचव्या वेळी गोठलं होतं,
नळी पार उलटी केली तरी हललं नाही.
सांगायला धावत गेले
तर खाट रिकामी. डोकं फुटतंय म्हणाला,
म्हणून सीटीला नेलेलं.

त्यासाठी अर्जात एक चौकोन आहे.
त्यात खूण केली.
सबनीस मॅडमनी खाली सही केली, मग चष्मा पुसला,
मग परत पुसला.

तीन महिन्यांनी द्वारकाबाईंचा फोन लागेना.
एसटीने गेले, पुढे चढण पायी.
करंगळी वाकडी राहिली होती, पण लावणी उरकली होती.
रक्तदाब लिहिला. लघवीची बाटली दिली.
तिने उकडलेल्या आठळ्या पुढे ठेवल्या.
"शेजारच्या खाटंवरचा पोरगा कसा हाय?
त्याच्या आयशीन मना पानी पाजलान."
मला सांगता येत नाही, मावशी, नियम आहे.
तिने माझ्याकडे पाहिलं,
विसाव्या मिनिटाला मी नळीकडे बघते तसं.
"मग त्याची डावी पडली आसंल."
आणि आठळी सोलून माझ्या हातावर ठेवली.

पाकिटं फोडली दीड वर्षाने, गणपतीची सुट्टी संपल्यावर.
एकशे छप्पन नावं; नावं कसली, आकडेच.
सगळे बेरजेकडे बघत होते.
मी बोट ठेवून खाली उतरत गेले,
पस्तीस, छत्तीस.
सदतीस: सहा.
अडतीस: सहा.

मॅडम म्हणाल्या, दोन गटांत फरक दिसत नाही,
चांगली बातमी आहे,
तेवढ्याच साठ्यात आता जास्त माणसं निभतील.
खरंच चांगली आहे.
मे महिन्यात इथल्या कपाटाचा तळ दिसतो, तो मीच पुसते.

द्वारकाबाईंना सांगायला जायचंय.
मागच्या रविवारी जमलं नाही, या रविवारीही नाही.

आज दुपारी चिरेखाणीवरचा एक आलाय.
अभ्यास संपला, आता पाकीट नाही, सरळ सहा.
नळी उभी केली आहे.
सात मिनिटं झाली.