चालु

आमच्या घरात एक शब्द होता दोन दारांचा.
शाळेत चालू म्हणजे पंखा चालू, मोटर चालू,
काम चालू, रस्ता बंद.
आईच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
ताटावर हात आडवा धरून म्हणायचं: चालु.
लहानपणी मी ‘चालू ठेव’ म्हणाले
की ती पळी उचलून घ्यायची,
आणि अप्पा जेवता जेवता हसायचे.
तेव्हा अप्पांचे माग चालू होते.

आई, नरसव्वा,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
रात्री भिजवलेली पानं फडक्यात गुंडाळलेली.
पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्री फिरवायची,
चिमूट, वळ, दोरा, तोंड बंद.
पंचवीसचा एक कट्टा,
चाळीस कट्टे म्हणजे दिवस.
तिला कॅलेंडर लागायचं नाही.

कारखान्यात कलशेट्टी चेकर
मूठभर विड्या उचलून छाट काढायचा.
ही ढिली, ही आखूड, ही अशीच.
छाट झालेल्या विड्या
परत मिळायच्या नाहीत.
आई एकदा म्हणाली, वाईट आहेत तर मला द्या.
तो म्हणाला, बाई, इथं कुणाची जबरदस्ती नाही.
पटलं तर करा.
दार उघडंच आहे.
दार खरंच उघडं होतं.
दारातून बायकांची रांग दिसत होती,
वळणापर्यंत.

मग एका मंगळवारी
तिनं छत्तिसावा कट्टा बांधला
आणि सूप खाली ठेवलं.
पानं शिल्लक होती. तंबाखू होता.
उजेड होता.
मी म्हटलं, अजून शंभर राहिल्या.
ती म्हणाली, चालु.

लिंबाच्या फोडीनं बोटं घासली,
तरी वास जात नाही, तो जातच नाही,
आणि जिना चढून स्लॅबवर गेली.
कपडे वाळत घालायला नाही.
पापड नव्हते, कुरडया नव्हत्या.
नुसती.
मी मागून गेले, बरं नाही का विचारायला.
ती पाय पसरून बसली होती,
दूर मिलची चिमणी बघत.
धूर नसलेली,
टोकाला पिंपळाचं रोप.
म्हणाली, हिला बंद केली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मी ते वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिले.

शंभर विड्या म्हणजे वीस-बावीस रुपये.
हे मला पाठ होतं कारण
तेवढंच माझं क्लासचं रिक्षाभाडं,
शेअर रिक्षा, जाऊन-येऊन.
बुधवारी सकाळी डबीत हात घातला, डबी हलकी.
विडी घरकुलापासून नव्या पेठेपर्यंत
मी चालत गेले, रागानं,
ऊन सोलापूरचं, मार्चमधलं,
डांबराला चप्पल चिकटत होती.
वाटेत हिशेब केला:
तिची एक संध्याकाळ
माझ्या पायांतून वजा झाली.
कुणाच्या तरी पायांतून जाणारच होती.
कलशेट्टीच्या जाणार नव्हती.

क्लासमध्ये सर फळ्यावर लिहीत होते:
खालीलपैकी योग्य पर्याय निवडा.
चारही पर्याय आधीच कुणीतरी लिहिलेले.
आई चार सोडून
बाहेरच्या कोऱ्या जागेत बसून आली होती.
हे मला तेव्हा सुचलं नाही.
तेव्हा फक्त तहान लागली होती.

त्याच दिवशी कारखान्यात
कलशेट्टीनं कट्टे मोजले, पुन्हा मोजले.
काय बाई, छत्तीसच? हात दुखतो?
नाही.
घरी कुणी आजारी?
नाही.
मग?
आई म्हणाली, चालु.
चालू ना? मग ठीक आहे, म्हणाला,
आणि वहीत नऊशे लिहून
त्यातल्या अकरा छाटल्या.

आईनं हे रात्री सांगितलं, भाकरी थापताना,
आणि इतकी हसली
की भाकरी एका बाजूनं करपली.
ती तिनं मला वाढली नाही.
स्वतःच्या ताटात घेतली.
मी म्हटलं, दे ना इकडे, मला आवडते तशी.
अर्धी मोडून दिली.

त्यानंतर पुन्हा हजारच.
मंगळवार मात्र
मी विचारायचं सोडून दिलं,
आणि भाडं सोमवारीच
डबीतून काढून ठेवू लागले.