फाटक्या लेबलची तबकडी

उद्यमनगरात, साच्यात लोखंड ओतताना
एलियामामा गायचे नाहीत. दम राखायचे.
गायचे ते रविवारी, चर्चमध्ये,
पेटीवर वाकून, भट्टीनं भाजलेल्या गळ्यानं.

मिशन कंपाउंडातली गोरी नर्स मायदेशी निघाली,
तिच्या सामानाच्या लिलावात
सव्वा रुपयाला मामांना एक तबकडी मिळाली.
लेबल अर्धं फाटलेलं,
बाईचं नाव त्या गेलेल्या अर्ध्यात.

पापाच्या तिकटीला कुंभोज्यांच्या रेडिओ दुकानात ती लावली.
मी चहाची किटली घेऊन उभी.
बाई गायला लागली तशी मामा म्हणाले,
"हे आपलंच की गं."
चाल नव्हे. ते अडखळणं.
ओळ संपायच्या आत आवाज उसवतो
आणि मागची माणसं ती फट टाळीनं शिवतात.

कुंभोज्यांना इंग्रजी कळायचं.
"एलिया, देवाचं न्हाई हे. सोडून गेलेल्या माणसाचं हाय.
चाल देवळातलीच असंल,
हिनं नुसता प्रभू काढलाय
आणि तिथं राजा बसवलाय."
मामा हसले नाहीत.
सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली.

पुढं मी वाचलं:
कापसाच्या रानात राबणारे, ज्यांची आडनावंसुद्धा मालकाची,
फळ्यांच्या चर्चमध्ये मोठ्यांदा रडायची तेवढी मुभा.
त्यांची नातवंडं उत्तरेला गेली, मोटारींच्या कारखान्यांत,
आठवडाभर भट्टी, रविवारी देव,
आणि मधल्या शनिवारच्या रात्री
देवाच्याच चालीत एकमेकांना हाका.
मोटारींचे पार्ट तर आमच्याकडंही ओतत होते.
मामांना हे सांगायचं राहिलं.

सुलोचनामामी मिरजेच्या दवाखान्यातून परत आली नाही.
त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी
मामा पेटीवर बसले. नेहमीचंच गीत.
'ये प्रभू' आलं
आणि ते म्हणाले, 'ये सुले'.
पुन्हा म्हणाले.
तिसऱ्यांदा आवाज पार फाटला, भाता तसाच उघडा राहिला.

पाळकांनी पुस्तकात मान घातली.
बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकलं.
मग शेवटच्या बाकावरून टाळी आली,
रिबेकाबाईंची, ज्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.
एक. थांबून अजून एक.
तालाच्या जराशी मागं.